नक्कल आणि रुजुवात

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यातून काही वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका बुधवारी सकाळी सहा वाजता मला बोलावणे आले. त्या दिवशी तेथे जे पाहिले त्याचा विसर आजवर पडलेला नाही, आणि म्हणूनच या पुस्तकाला प्रस्तावना लिहिण्याची विनंती झाली तेव्हा मी ती तत्काळ मान्य केली. गाळा लहानसा, सात सीएनसी यंत्रे, दोन व्हीएमसी, पोटमाळ्यावर काचेच्या भिंतींचे ऑफिस, आणि काम चाकणच्या वाहन-कारखान्यांना मशीनिंग केलेले सुटे भाग पुरविण्याचे. रात्रपाळीच्या सुपरवायझरने पहाटेच्या डिस्पॅचचे चलन काढण्यासाठी संगणक उघडला, तो प्रत्येक फाइलीच्या नावाला एक अनोळखी शेपूट लागलेले, एकही फाइल उघडेना, आणि पडद्यावर खंडणीची मागणी करणारी इंग्रजी चिठ्ठी. मालक मात्र घाबरले नव्हते. त्यांच्या हिशेबनिसाने चार वर्षे एक नेम पाळला होता : रोज संध्याकाळी साडेसहाला तिजोरीतून एक काळी हार्ड डिस्क काढावी, ती संगणकाला जोडावी, नक्कल पूर्ण झाल्याची पाटी पडद्यावर आली म्हणजे ती सोडवावी आणि पिवळ्या फडक्यात गुंडाळून पुन्हा तिजोरीत ठेवावी. डिस्क शाबूत होती. हल्ल्याचा तिला स्पर्शही झाला नव्हता. आम्ही ती एका कोऱ्या संगणकाला जोडली, हिशेब उघडला आणि शेवटची नोंद पाहिली. ती दसऱ्याच्या आदल्या दिवशीची होती.

दसऱ्याला त्या संगणकात एक मोठी डिस्क नव्याने बसविली गेली होती. यंत्रांबरोबर त्याचीही पूजा झाली, त्याला झेंडूची माळ घातली गेली, आणि सारी माहिती जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर हलविली गेली. जुने फोल्डर होते तेथेच पडून राहिले. नक्कल करणारा प्रोग्राम त्या संध्याकाळपासून दहा महिने त्या जुन्या फोल्डरचीच नक्कल रोज न चुकता करीत राहिला, आणि रोज ‘पूर्ण’ असे सांगत राहिला. त्याचे सांगणे खोटे नव्हते. त्याला नेमून दिलेले काम तो पूर्ण करीतच होता. नवी डिस्क मी बसविली होती, आणि नकलेची वाट बदलावयाची राहिली हा दोष माझा. त्या दहा महिन्यांचा जमाखर्च आम्ही सात आठवडे खपून पुन्हा उभा केला : विक्रीची बिले जीएसटीच्या पोर्टलवरून उतरविली, खरेदीची बिले पुरवठादारांकडे माणसे पाठवून मागविली, आणि माल कोणत्या दिवशी किती गेला याचा मेळ फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या आवक-जावक रजिस्टरवरून घातला, कारण बॉलपेनाने लिहिलेले ते कळकट रजिस्टर तेवढे कोणाच्या हल्ल्यात सापडले नव्हते. तपासणीचे अहवाल मात्र परत आले नाहीत. आणि यंत्रांवर सेटरांनी वर्षभर सुधारत आणलेल्या प्रोग्रामांच्या अखेरच्या आवृत्त्या जेथे जेथे केवळ संगणकातच होत्या, तेथे तेथे त्या कायमच्या गेल्या.

हा प्रसंग आरंभीच सांगितला, कारण प्रस्तुत पुस्तकाचा विषय वरकरणी रुक्ष भासतो. धंद्याच्या माहितीची राखीव प्रत, जिला आपण सारे बॅकअप म्हणतो, ती कशावर ठेवावी, कोठे ठेवावी, तिच्यावर किती खर्च करावा आणि वेळ पडल्यास ती उपयोगात कशी आणावी, एवढाच या पुस्तकाचा आवाका आहे. परंतु ज्या गाळ्यात चाळीस माणसांचा पगार महिन्याच्या सात तारखेला व्हावयाचा असतो, त्या गाळ्यात या रुक्ष विषयाचे रूप एकाएकी किती सजीव होते, हे ज्याने एकदा पाहिले त्याला या पुस्तकाचे अगत्य वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

पिंपरी-चिंचवडचा माळ कारखान्यांनी भरत गेला त्याला आता सत्तर वर्षे होऊन गेली. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. १९६२ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीचे रान प्लॉटांच्या नकाशात आखले गेले. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकापासून तीच वस्ती मोशी ओलांडून चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडीकडे पसरली. या साऱ्या काळातील पहिली तीस-पस्तीस वर्षे कारखान्याचे दप्तर कागदाचे होते, आणि त्या कागदी दप्तराचा एक गुण असा होता, जो नाहीसा होईपर्यंत आम्हांला उमगला नाही. चलन लिहिताना पुस्तकात कार्बन घालावा लागे; एक प्रत गिऱ्हाइकाकडे जाई, एक वाहतूकदाराकडे, एक हिशेबखात्यात, आणि शेवटची पुस्तकातच स्टोअरमध्ये राही. नकाशाचे मूळ ट्रेसिंग ड्रॉइंग ऑफिसच्या कपाटात असे, आणि त्याच्या निळ्या प्रती टूलरूममध्ये, तपासणी विभागात आणि यंत्रावर काम करणाऱ्या कामगाराच्या हातात असत. नकला करा असे कोणी फर्मान काढले नव्हते. धंद्याच्या रीतीतूनच त्या निपजत, चार वेगळ्या जागी, चार वेगळ्या माणसांच्या ताब्यात राहत, आणि एका कपाटाला वाळवी लागली तरी दुसऱ्या कपाटातील कागद हाती येई. संगणकाने आमची कार्यक्षमता शतपटींनी वाढविली यात शंका नाही. परंतु त्याच वेळी जे दप्तर चार ठिकाणी विखुरलेले होते ते त्याने एका तळहाताएवढ्या डिस्कवर गोळा केले, आणि त्या विखुरलेपणातून जे संरक्षण आपोआप लाभत होते ते आम्ही नकळत गमावून बसलो. आज ज्याला बॅकअपची योजना म्हणतात, ती हे गमावलेले विखुरलेपण जाणीवपूर्वक परत मिळविण्याची तजवीज आहे, असे मी समजतो.

या तत्त्वाची ओळख या भूमीला नवी नाही. याच पट्ट्यातून वाहणाऱ्या इंद्रायणीच्या डोहात तुकोबांच्या वह्या बुडविल्या गेल्या आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या, ही वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आणि तिच्या शेजारीच परंपरेने दुसरी एक गोष्ट जपली आहे, ती अशी की ते अभंग तोवर गावोगावच्या लोकांच्या मुखी वसले होते, आणि चाकणशी ज्यांचे नाते सांगितले जाते त्या संताजी जगनाड्यांनी ते आपल्या वह्यांत लिहून ठेवले. संताजींची समाधी येथून जवळच, सुदुंबऱ्याला आहे. आणि त्यांच्या हातच्या समजल्या जाणाऱ्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी पुढे गाथा छापून काढला. या पवित्र गोष्टीची बरोबरी कारखान्याच्या चलनांशी करावी असे माझ्या मनात स्वप्नातही येणार नाही. परंतु जे लिखित एका ठिकाणी बुडते ते दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्याच्या हाती असल्यामुळे वाचते, ही जाण देहू आणि चाकणच्या माणसाला बाहेरून शिकावी लागत नाही. इतिहासाचेही तेच. स्वराज्याचे मध्यवर्ती दप्तर आपल्यापर्यंत अखंड पोहोचले नाही; तरी शिवकालाविषयी आपल्याला जे निश्चित ठाऊक आहे त्यातील पुष्कळसे देशमुख, देशपांडे आणि कुलकर्ण्यांच्या वाड्यांतून जपलेल्या पत्रांवरून ठाऊक झाले, आणि ती पत्रे गोळा करून वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करावयास आरंभ केला. त्या जुन्या कागदांवर ‘रुजू’ असा शेरा आढळतो. कागद नोंदीशी ताडून पाहिला, मेळ बसला, अशी त्या शेऱ्याची साक्ष असे. माझ्या त्या भोसरीच्या गाळ्यातील काळ्या डिस्कवर चार वर्षांत कोणी ‘रुजू’ केले नव्हते.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळतो. बहुतेक उद्योजक पहिला प्रश्न विचारतात तो असा : “साहेब, डिस्क घेऊ, नास घेऊ, की सरळ क्लाउडवर टाकू?” (नास म्हणजे जाळ्याला जोडलेली सामाईक डिस्कांची पेटी.) माझ्या मते साधनाचा हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न हा की संगणक पूर्णपणे बसला, तर तुमचे गिऱ्हाईक तुमच्यासाठी किती तास थांबेल. चाकणच्या जुळणी-मार्गावर सुट्या भागांचा साठा दिवसांच्या नव्हे, तासांच्या हिशेबाने ठेवलेला असतो. ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल निघाल्यावाचून टेम्पो फाटकाबाहेर पडत नाही, आणि बिल काढणारा संगणक बंद म्हणजे मालाने भरलेला टेम्पो शेडमध्ये उभा. लाइन थांबली तर दंड किती हे प्रत्येक व्हेंडर जाणतो, आणि दंडापेक्षा मोठी हानी म्हणजे गेलेला विश्वास हेही तो जाणतो. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर जपानमध्ये कोजिमा या, प्लॅस्टिकचे भाग पुरविणाऱ्या एका कारखान्याच्या संगणकांवर हल्ला झाला, आणि १ मार्चला टोयोटाला जपानमधील आपल्या १४ कारखान्यांतील २८ उत्पादन-मार्ग एक दिवस थांबवावे लागले. गिऱ्हाईक कितीही बलाढ्य असले तरी त्याची लाइन पुरवठादाराच्या एका संगणकापाशी अडू शकते, हे त्या दिवशी साऱ्या वाहन-उद्योगाने पाहिले. आणि वाहन-उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता-मानकात संगणक-व्यवस्थेवरील हल्ल्यासाठीही आपत्कालीन योजना हवी आणि ती वेळोवेळी तपासून पाहिली पाहिजे, असा दंडक आहे. ऑडिटर दारात आल्यावर कागदावर रंगवावयाची ही बाब नव्हे.

या पहिल्या प्रश्नाला जोडूनच दुसरा येतो : परत उभे राहाल तेव्हा किती मागे जाऊन उभे राहणे तुम्हांला परवडेल? एक तास, एक दिवस, एक आठवडा? हिशेबाच्या बाबतीत एक दिवसाच्या नोंदी पुन्हा करता येतात, कारण बिलांचे कागद हातात असतात. जुन्या नकाशांच्या बाबतीत आठवडाही चालेल, कारण ते क्वचितच बदलतात. परंतु एखाद्या सेटरने दोन रात्री जागून ज्या प्रोग्रामात सायकल टाइम बारा सेकंदांनी खाली आणला, तो प्रोग्राम एका दिवसाने मागे गेला तर ते बारा सेकंद गेले, आणि तो सेटर नोकरी सोडून रांजणगावला गेला असेल तर ते परत आणणारा कोणी नाही. म्हणून एकाच गाळ्यातील सगळ्या माहितीला एकच माप लावू नये. पुस्तकातील तिसरे प्रकरण या वर्गवारीला दिले आहे, आणि वाचकाने इतर काही वाचले नाही तरी तेवढे प्रकरण पेन्सिल हाती घेऊन वाचावे.

या वर्गवारीत यंत्रे सहसा गळतात, म्हणून त्यांच्यापाशी क्षणभर थांबतो. ऑफिसातील संगणक म्हणजेच माहिती, असा आपला एक ग्रह झालेला असतो. परंतु पुष्कळ जुन्या सीएनसी यंत्रांच्या नियंत्रकात त्या यंत्राचे पॅरामीटर आणि प्रोग्राम एका लहानशा बॅटरीच्या आधारावर तगून असतात. बॅटरी क्षीण झाली की पडद्याच्या कोपऱ्यात इशारा लुकलुकू लागतो, कामाच्या गर्दीत तो महिनोन्‌महिने कोणी मनावर घेत नाही, आणि मग एखाद्या गुरुवारी, साप्ताहिक सुट्टी आणि महावितरणच्या दुरुस्तीमुळे लाइट दिवसभर गेलेली असताना, ती बॅटरी संपते. शुक्रवारी सकाळी यंत्र चालू होते, पण त्याची स्मृती गेलेली असते. “पॅरामीटर उडाले,” एवढेच ऑपरेटर सांगतो. ती बॅटरी यंत्राची वीज चालू ठेवून बदलावयाची असते, आणि बदलण्यापूर्वी पॅरामीटर एका कार्डावर उतरवून घ्यावयाचे असतात. काम पाच मिनिटांचे. ते न केल्यास सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंत यंत्र दोन-तीन दिवस उभे. असे कार्ड प्रत्येक यंत्रासाठी एक, वर यंत्राचा क्रमांक आणि तारीख लिहिलेले, मालकाच्या टेबलाच्या खणात असावे. यावर होणारा खर्च एका वेळच्या जेवणाइतका.

साधनांच्या गुणदोषांचे विवेचन लेखकाने सविस्तर केले आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. तथापि तीन गैरसमज इतके रूढ आहेत की प्रस्तावनेतच त्यांचा समाचार घेणे इष्ट वाटते.

पहिला गैरसमज असा की एकाच पेटीत दोन डिस्का एकमेकींचे प्रतिबिंब धरून चालत असल्या, किंवा एक फोल्डर दोन संगणकांवर क्षणोक्षणी समान राखले जात असले, म्हणजे बॅकअप झाला. ते प्रतिबिंब आहे. ती नक्कल नव्हे. मूळ बिघडले की प्रतिबिंबही त्याच क्षणी बिघडते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या नावाने ओळखला गेलेला हल्ला जगभर पसरला, आणि त्याचा तडाखा मर्स्क या जहाज-कंपनीला असा बसला की न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. चाकणचा निर्यातीचा माल ज्या बंदरातून जातो तेच हे बंदर. मर्स्कच्या जाळ्याची ओळखपत्रे सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर होते, आणि ते एकमेकांशी सतत मेळ राखीत होते, म्हणून एकाच्या नाशाला दुसरा पुरून उरेल असे गृहीत धरले होते. ते सर्व एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो फक्त घाना देशातील एक, आणि तोही अशासाठी की हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती, त्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्यावरील माहिती विमानाने इंग्लंडला नेऊन त्या कंपनीने आपली व्यवस्था पुन्हा उभी केली. ज्या वीजखंडाला आपण एरवी दूषणे देतो त्यानेच ती एकमेव नक्कल राखली. यावरून जाळ्यापासून तुटलेल्या नकलेचे मोल किती, ते ध्यानी घ्यावे.

दुसरा गैरसमज क्लाउडविषयीचा. हा शब्द ऐकला की माहिती कोठे तरी वर, अवकाशात, अपघातांच्या पलीकडे गेली असे मनात येते. वस्तुतः ती कोणाच्या तरी इमारतीत, कोणाच्या तरी यंत्रावर असते. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीचे असे एक केंद्र १० मार्च २०२१ रोजी आगीत जळाले, आणि ज्या गिऱ्हाइकांची मूळ माहिती व तिची नक्कल दोन्ही त्याच आवारात होती त्यांचे दोन्ही गेले. दक्षिण कोरियात देजॉन येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी शासकीय माहिती-केंद्राला आग लागली तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिचा आकार फार मोठा म्हणून बाहेर तिची नक्कलच ठेवलेली नव्हती. आपल्याकडे आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा ‘मध्य भारत’ म्हणून ओळखला जाणारा विभाग पुण्यात आहे. चाकणचा उद्योजक आपली नक्कल दूरदेशी गेली अशा समजुतीत निश्चिंत राहावा, आणि प्रत्यक्षात ती त्याच्याच जिल्ह्यात असावी, असे सहज घडू शकते. जिल्ह्यात असणे हा दोष नव्हे. न विचारता राहणे हा दोष आहे. करारनाम्यावर सही करण्यापूर्वी प्रत कोणत्या शहरात राहील, दुसऱ्या शहरात तिची आणखी प्रत राहील काय, आणि ठरावीक मुदतीपर्यंत ती कोणालाच, खुद्द मालकालाही, पुसता येणार नाही अशी कुलपाची सोय आहे काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावे.

क्लाउडबाबत दुसरा हिशेब वेळेचा. माहिती वर चढविताना रोज थोडी थोडी चढते, म्हणून काही जाणवत नाही. खाली उतरविताना ती एकदम सगळी लागते. एखाद्या डायमेकरकडे नकाशे, त्रिमिती मॉडेले आणि प्रोग्राम मिळून दोन टेराबाइट माहिती असेल आणि त्याची इंटरनेटची वाट सेकंदाला १०० मेगाबिट या पूर्ण वेगाने अखंड चालली, तरी ती सारी परत उतरण्यास सुमारे ४५ तास लागतात. आणि खराबवाडीच्या रस्त्यावर जेसीबीने केबल तोडली नाही तरच. ज्याचे गिऱ्हाईक आठ तासच थांबणार आहे त्याने केवळ क्लाउडवर विसंबू नये. त्याला एक प्रत गाळ्याजवळ, हाताशी हवी. उलट ज्याची सारी माहिती चार गिगाबाइटांचा हिशेब एवढीच आहे, त्याला क्लाउड पुष्कळ झाला.

तिसरा गैरसमज नेहमी जोडून ठेवलेल्या डिस्कविषयीचा, आणि तोच सर्वांत घातक. खंडणीखोर प्रोग्राम संगणकात शिरला की तो प्रथम नकला शोधतो. संगणकाला जी डिस्क दिसते ती त्यालाही दिसते. ज्या परवलीच्या शब्दाने मूळ माहिती उघडते त्यानेच नास उघडत असेल, तर नासही त्याच रात्री जातो. आपल्याच शहरात २०२१ च्या आरंभी पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाचे २७ सर्व्हर अशा हल्ल्यात सापडले, बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली, आणि मार्च महिन्यात निगडी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदली गेली. महानगराच्या व्यवस्थेवर जे येऊ शकते ते भोसरीच्या गाळ्यावर येणार नाही असे मानण्यास काही आधार नाही; किंबहुना गाळ्यात रखवाली कमी, म्हणून तेथे ते अधिक सुलभ. यास्तव निदान एक प्रत अशी असावी की जिच्यापर्यंत मूळ माहितीला हात लावणाऱ्याचा हात पोहोचत नाही : सोडवून ठेवलेली डिस्क, कुलूपबंद क्लाउड, किंवा माहितीचा पसारा फार मोठा असेल तर चुंबकीय टेप. टेप ही कालबाह्य वस्तू आहे असे पुष्कळांस वाटते. एलटीओच्या नवव्या पिढीच्या एका कॅसेटवर १८ टेराबाइट मावतात आणि ती कपाटात निर्धास्त पडून राहते. मात्र ती वाचणाऱ्या यंत्राची किंमत लाखांत असल्याने लहान गाळ्याला तो मार्ग नाही, हेही खरे.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम लेखकाने पुस्तकाचा कणा म्हणून घेतला आहे : प्रती तीन, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. नियम उत्तम आहे. लेखकाशी माझा मतभेद आहे तो या ‘दुसऱ्या जागे’बाबत. दुसरी जागा म्हणजे क्लाउडच, असा पुस्तकाचा एकंदर रोख आहे, आणि तो शहरी कंपन्यांच्या अनुभवावरून आला असावा. दोन डिस्का घेऊन एक गाळ्यात आणि एक मालकाच्या निगडी किंवा आळंदीच्या घरी ठेवावी, व दर गुरुवारी त्यांची अदलाबदल करावी, ही रीत मी वीसएक गाळ्यांत चालू केली. तिला मासिक भाडे नाही, इंटरनेट लागत नाही, आणि मालकाला आपली माहिती कोठे आहे हे डोळ्यांनी दिसते. डिस्क सांकेतिक कुलपाने बंद असावी, नाहीतर ती हरवल्यास गिऱ्हाइकाचे नकाशे परक्याच्या हाती पडतील, ही अट मात्र अटळ आहे. लेखकाने पुढील आवृत्तीत या रीतीला एखादे पान द्यावे, अशी माझी त्यांस आग्रहाची सूचना आहे.

कायद्याचे प्रकरण लहान आहे आणि ते लहानच असणे योग्य. जीएसटी कायद्यान्वये हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप असा ठेवावा लागतो की अपघाताने नाश झाल्यास तो वाजवी काळात परत उभा करता येईल. कंपनी म्हणून नोंदलेल्यांस ही मुदत आठ आर्थिक वर्षांची आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून त्यांच्या हिशेबाची प्रत भारतातच असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक आहे. वाहन-उद्योगाच्या व्हेंडरला याहून लांबचा पल्ला आहे : पार्ट-मंजुरीची आणि टूलिंगची कागदपत्रे तो भाग उत्पादनात व सर्व्हिसमध्ये आहे तोवर, आणि त्यानंतर आणखी एक वर्ष जपावयाची असतात. एखाद्या मोटारसायकलच्या भागाच्या बाबतीत हा काळ वीस वर्षांचाही होईल. वीस वर्षे एकही हार्ड डिस्क टिकेल असे धरून चालू नये. दर चार-पाच वर्षांनी सारे नव्या साधनावर उतरविण्याची रक्कम अंदाजपत्रकात आजच धरावी.

शेवटी, गेलेले परत उभे करण्याविषयी. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली तेव्हा जळालेल्या फायली पुन्हा उभ्या करण्यासाठी इतर कार्यालयांतून प्रती गोळा कराव्या लागल्या. जेथे त्या दुसऱ्याच्या दप्तरी होत्या तेथे काम झाले. त्या भोसरीच्या मालकांनीही आपला जमाखर्च असाच दुसऱ्यांच्या दप्तरांवरून उभा केला होता. आज त्यांच्या माहितीच्या तीन प्रती आहेत, आणि गाळ्यातील नकलेच्या कपाटावर दोऱ्याने एक वही टांगली आहे. दर आठवड्याला हिशेबनीस कोणतीही एक फाइल निवडतो, ती नकलेवरून वेगळ्या संगणकावर उतरवितो, उघडतो, तिच्यातील शेवटची नोंद मूळ नोंदीशी ताडतो, आणि वहीत तारीख, फाइलीचे नाव, लागलेली मिनिटे व आपली सही लिहितो. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, कोऱ्या संगणकावर सारेच्या सारे उतरवून एक चलन काढून पाहिले जाते. मागच्या खेपेस त्यास पाच तास दहा मिनिटे लागली.

वाचकांना माझी विनंती एवढीच की हे पुस्तक शेवटपर्यंत वाचून होण्याची वाट त्यांनी पाहू नये. येत्या गुरुवारी यंत्रे बंद असतील, गिऱ्हाइकाचा फोन येणार नाही, आणि अर्धा तास मोकळा मिळेल. तेवढ्या वेळात आपल्या नकलेवरून एक फाइल परत आणून उघडून पाहावी, आणि तिच्यातील शेवटच्या नोंदीची तारीख वाचावी.